जुन्या मोटारीची किंमत

वस्तूची किंमत काय, हा प्रश्न दिसावयास सोपा आणि उत्तर देण्यास अवघड आहे. नव्या वस्तूच्या बाबतींत त्याचें उत्तर दुकानदार देतो आणि आपण तें निमूटपणें मान्य करतों. कारण तशाच दुसऱ्या शेंकडों वस्तु त्याच किंमतीस विकल्या जात असतात. परंतु वस्तु एकदां वापरली गेली, तिच्यावर ऊन-पावसाचे आणि मालकाच्या स्वभावाचे संस्कार झाले, म्हणजे तिच्यासारखी दुसरी वस्तु जगांत उरत नाहीं. आणि मग तिची किंमत कोणत्या मापानें ठरवावयाची, ही अडचण उभी राहते. २०२४ च्या उन्हाळ्यांत माझी जुनी लहान मोटार विकण्याचा प्रसंग आला, तेव्हां हा प्रश्न मला प्रथम केवळ हिशेबाचा वाटला. तो हिशेबाचा नाहीं, हें समजावयास मला पंधरा दिवस लागले.

लहान मोटार आणि आपला मध्यमवर्ग ह्यांचा संबंध वाचकांस सांगावयास नको. १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत पहिली ‘मारुति ८००’ तिच्या मालकाच्या हवालीं झाली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. ह्या तीस वर्षांत ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या त्या इंजिनानें किती कुटुंबांना लग्नाला, देवाला, परीक्षेला आणि दवाखान्याला नेऊन आणलें असेल ह्याची मोजदाद कोण करणार! तिच्याच पंक्तींत बसणारी एक गाडी मीं २००७ सालीं सुमारे दोन लक्ष रुपयांस, निम्मे पैसे कर्जाऊ काढून, घेतली होती. मुलगी तिच्यांतून शाळेंत गेली, आणि वडील त्यांच्या अखेरच्या आजारांत तिच्यांतूनच दवाखान्यांत गेले. अशा गाडीची किंमत करावयास बसणें हें थोडेंसें घरच्या माणसाचें वजन करण्यासारखें आहे. परंतु तें केल्यावांचून वस्तु विकतां येत नाहीं.

प्रथम मीं कोष्टकें पाहिलीं. वस्तु जुनी होतांना तिच्या किंमतींत जी घट धरावयाची तिला हिशेबनीस घसारा म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोटारीचें उपयुक्त आयुष्य सामान्यतः आठ वर्षें धरलें असून, त्यानंतर मूळ किंमतीच्या शेंकडा ५ एवढाच अवशेष मानावा अशी त्याची दृष्टि आहे. ह्या हिशेबानें माझी दोन लक्षांची गाडी २०१५ सालींच दहा हजारांवर येऊन थांबली होती. आयकराची रीत निराळी. तेथें धंद्यासाठीं वापरलेल्या मोटारीवर दरसाल शेंकडा १५ घसारा धरतात, परंतु तो मूळ किंमतीवर नव्हे, तर उरलेल्या किंमतीवर. त्यामुळें आंकडा वर्षागणिक लहान होत जातो आणि तरीही शून्याला कधीं पोंचत नाहीं. मी व्यापारी असतों, तर सतरा वर्षांनंतर माझ्या वहींत ह्या गाडीचे सुमारे साडेबारा हजार रुपये शिल्लक राहिले असते.

विमेवाल्यांचें कोष्टक मला ह्या दोहोंहून अधिक प्रामाणिक वाटलें. सहा महिन्यांच्या आंतील गाडीला शेंकडा ५, वर्षाच्या आंतील गाडीला १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५०, अशी घट त्यांत सांगितली आहे. पांच वर्षांपुढें मात्र कोष्टक संपतें. तेथें विमा कंपनी आणि गाडीचा मालक ह्या दोघांनीं परस्परांच्या संमतीनें किंमत ठरवावी, एवढाच नियम आहे. म्हणजे अमुक एका वयानंतर गणितानें आपली लेखणी खालीं ठेवली आणि काम दोन माणसांच्या बोलण्यावर सोंपविलें. हा नियम मीं वाचला तेव्हां त्याचें महत्त्व माझ्या लक्षांत आलें नाहीं. पुढें जें घडलें त्यावरून तें आलें.

कोष्टकांनंतर मी जाणत्यांकडे गेलों. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांची परीक्षा करण्याची पद्धति पाहून मला एखाद्या जुन्या वैद्याची आठवण झाली. इंजिन थंड असतांनाच तें सुरू करून पाहावें, कारण गरम इंजिन आपलें दुखणें लपवितें. धूर निळसर असेल तर तेल जळत आहे असें समजावें. तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय दिसली तर तेलांत पाणी शिरल्याची शंका घ्यावी. पत्र्यावर चुंबक फिरवावा. जेथें तो धरीत नाहीं तेथें पुट्टी भरलेली असते. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात. किलोमीटरच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. तो मागें फिरवितां येतो, परंतु पायाखालच्या पेडलचें झिजलेलें रबर पुन्हां उगवत नाहीं. ह्या सर्व परीक्षा माझ्या गाडीनें बऱ्यापैकीं पार पाडल्या. तिची नोंदणीही पंधरा वर्षें पुरी झाल्यावर २०२२ मध्यें पांच वर्षांसाठीं वाढवून घेतलेली होती. जुन्या गाड्यांच्या एका दलालानें सर्व पाहून सांगितलें कीं, कोणी घरगुती गिऱ्हाईक मिळालें तर पन्नास हजार सहज येतील. वहींतले साडेबारा हजार आणि बाजारांतले पन्नास हजार ह्यांतील अंतर पाहून मला आनंद झाला हें मी कबूल करतों. त्याचें कारणही स्पष्ट होतें: वही किती वर्षें गेलीं तें पाहते, आणि बाजार किती वर्षें उरलीं तें पाहतो.

परंतु ह्या गाडीच्या आयुष्यांत एक प्रकरण असें होतें कीं, तें वहीला ठाऊक नव्हतें आणि बाजारालाही नव्हतें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला महापूर आला आणि सांगलीचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. आमच्या घरांत पाणी शिरूं लागलें तेव्हां आम्हीं धान्य आणि पुस्तकें वरच्या मजल्यावर चढविलीं. मोटार चढवितां येईना. ती अंगणांत आसनापर्यंत पाण्यांत कित्येक दिवस उभी राहिली. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींनीं ती ओढून नेली, सगळें तेल बदललें, आसनें काढून उन्हांत वाळविलीं, विजेच्या तारांचे कांहीं जोड नवे केले. गाडी सुरू झाली आणि त्यानंतर पांच वर्षें तिनें आम्हांस रस्त्यांत सोडलें नाहीं. मात्र पुराचें पाणी पत्र्याच्या दुहेरी घड्यांत आणि तारांच्या सांध्यांत शिरतें, आणि तेथें गंज सावकाश, न दिसतां, आपलें काम करीत राहतो. बाहेरून ह्याची खूण एकच उरली होती. चालकाचा पट्टा अगदीं शेवटपर्यंत ओढला तर त्याच्या अखेरच्या वितीवर गढूळ पाण्याची एक पुसट रेघ दिसे. इतका पट्टा कोणी ओढीत नाहीं.

दलालाला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “सर, पुराचं कशाला काढतां? गाडी चालते आहे, तेवढं पुरे. सांगितलंत तर दहा-पंधरा हजारांचा फटका बसेल.” आणि त्याच आठवड्यांत गिऱ्हाईक आलें. तासगांवच्या पलीकडील एका खेड्यांतील शाळेवर शिक्षक असलेला तो तरुण होता. घरीं वृद्ध आई होती. तिला महिन्यांतून दोनदां मिरजेस डॉक्टरांकडे न्यावें लागे, आणि एस. टी. ची दगदग तिला सोसत नसे. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली, दार उघडून लावलें आणि म्हटलें, “सर, तुमची गाडी म्हटल्यावर काय बघायचं?” मीं त्याला रविवारीं या, असें सांगितलें. तो माझ्या उत्तराची वाट पाहत नव्हता. वाट पाहावयाची होती ती मलाच.

वकिलानें ग्रंथ उघडावा तसा मींही प्रथम कायदा उघडला. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमांत लबाडीची व्याख्या असून, केवळ मौन पाळणें ही लबाडी होत नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. मात्र परिस्थितीच अशी असेल कीं बोलणें हें कर्तव्य ठरावें, किंवा मौन हेंच बोलण्यासारखें व्हावें, तर गोष्ट निराळी. त्याखालीं दिलेलीं उदाहरणें मला विलक्षण वाटलीं. एक मनुष्य लिलांवांत आपला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हें त्याला माहीत आहे. तो कांहीं बोलत नाहीं. ही लबाडी नव्हे. आतां तोच घोडा घेणारी व्यक्ति विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे असें समजा. येथें नात्यामुळेंच दोष सांगणें हें बापाचें कर्तव्य होतें. आणि तिसरें असें कीं, घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाकारलें नाहीं, तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहतो. येथें तें मौन म्हणजे बोलणेंच होय. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानेंही खरेदीदारानें आपले डोळे आपण उघडे ठेवावे हेंच सूत्र मुख्यतः मानलें आहे.

घोड्याच्या जागीं मोटार घातली म्हणजे माझें प्रकरण ह्या उदाहरणांच्या मध्यें कोठेंतरी उभें होतें. तो तरुण माझी मुलगी नव्हता. परंतु ‘तुमची गाडी म्हटल्यावर काय बघायचं’ हें त्याचें वाक्य तिसऱ्या उदाहरणांतील वाक्याचें सख्खें भावंड होतें. तो गाडी पाहत नव्हता, कारण तो माझ्याकडे पाहत होता. पन्नास हजारांतले कांहीं हजार तो पत्र्याचे देणार होता आणि कांहीं हजार माझ्या पेशाचे. मी गप्प राहिलों तर गाडीबरोबर मी आणखी एक वस्तु विकणार होतों, आणि तीही सदोष.

हा वाद नवा नाहीं. इसवी सनापूर्वीं ४४ ह्या वर्षीं सिसरोनें कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागांत स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचें ह्याच विषयावरचें मतभेदाचें प्रकरण आहे. एका गृहस्थाला आपलें घर विकावयाचें आहे. तें रोगट आहे आणि त्यांत विषारी प्राणी निघतात, हें त्याच्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें काय? डायोजिनीसचें म्हणणें असें कीं, न सांगणें आणि लपविणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत; जेथें घेणाऱ्यावर कोणी सक्ति केलेली नाहीं तेथें फसवणूक कसली? अँटिपेटरचें म्हणणें असें कीं, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें हें जर पाप, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यांत जाऊं देणें हें त्याहून मोठें पाप आहे. सिसरोनें कौल अँटिपेटरला दिला आहे. त्याचा निकष साधा आहे: जें कळण्यांत दुसऱ्याचें हित आहे, तें त्याला कळूं नये अशी इच्छा आपण आपल्या लाभासाठीं धरीत असूं, तर तें निव्वळ मौन नव्हे, तें लपविणें होय. मीं हा निकष स्वतःला लावला. पट्ट्यावरची ती रेघ त्या तरुणाच्या दृष्टीस पडूं नये अशी माझी इच्छा होती काय? होती.

तरीही घरांतला आक्षेप ह्या सर्वांहून बळकट होता. पत्नी म्हणाली, “पुरांत आपलं नुकसान झालं तेव्हां कोण आलं होतं भरून द्यायला?” तिचें म्हणणें खरें होतें. गाडी जुनी झाल्यामुळें आम्हीं तिचा केवळ तृतीय पक्षाचा विमा ठेवला होता, आणि त्यांत पुराची भरपाई मिळत नाहीं. पूर आम्हीं आणला नव्हता. एकदां दुरुस्तीचे पैसे भरले, आतां खरें बोलल्याबद्दल पुन्हां पंधरा हजार सोडावयाचे. एका आपत्तीचा दंड दोनदां कां द्यावा? शिवाय सर्वच विकणारे कांहींना कांहीं लपवितात असें समजून बाजार जुन्या गाडीची किंमत आधींच कमी धरतो. लबाडीची वजावट पहिल्यानेंच झाली असेल, तर जो लबाडी करीत नाहीं त्याचें दुहेरी नुकसान होतें.

ह्या दुसऱ्या मुद्द्याचें शास्त्र जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं मांडलें, आणि पुढें २००१ सालीं त्याला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचेंच आहे. अमेरिकन बोलींत खोटी निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक, घेणाऱ्याला नाहींत. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊं करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाहीं, म्हणून तो बाजारांतून निघून जातो. मग उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते. ह्याच लेखांत त्यानें आपल्या देशांतील गृहिणींचाही उल्लेख केला आहे. मुद्दाम मिसळलेले तांदळासारखे खडे त्यांना तांदूळ निवडून काढावे लागतात, असें तो सांगतो. आमच्या आई-आजींनीं दुपारच्या दुपार सुपांतले खडे वेंचण्यांत घालविल्या, तो वेळ म्हणजे कोणा अज्ञात व्यापाऱ्याच्या लबाडीवर त्यांनीं भरलेला करच होता.

हें वाचल्यावर माझ्या आक्षेपाचें तोंड फिरलें. बाजारानें लबाडीची वजावट आधींच केली आहे हें खरें; परंतु ती कोणी करावयास लाविली? माझ्या आधीं जे गप्प राहिले त्यांनीं. मी गप्प राहिलों तर माझ्या मागून येणाऱ्या सरळ माणसाच्या गाडीची किंमत मी थोडी कमी करीन. आणि पत्नीच्या प्रश्नालाही मला एक उत्तर सांपडलें. आपत्ति ज्याच्यावर कोसळते त्याच्यावर कोसळते. तिचा कांहीं भार दुसऱ्यानें उचलावा अशी इच्छा धरणें ह्यांत गैर नाहीं. परंतु तो भार उजेडांत द्यावयाचा कीं अंधारांत, हाच प्रश्न आहे. दोष सांगून किंमत ठरविली तर घेणारा आपल्या खुषीनें कांहीं भार उचलतो, आणि त्याला आपण सौदा म्हणतों. न सांगतां दिला, तर एके रात्रीं मिरजेच्या वाटेवर, आई मागच्या आसनावर असतां, तो भार त्याच्यावर नकळत येऊन पडतो.

येथें एक मर्यादाही सांगितली पाहिजे. विकणाऱ्यानें आपल्या वस्तूविषयींच्या साऱ्या शंकाकुशंका घेणाऱ्यापुढें ओताव्या असें मी म्हणत नाहीं. आसन फाटलें आहे हें त्याला दिसतें; तें मीं सांगण्याची गरज नाहीं. उद्यां इंजिन बिघडेल काय हें मलाही ठाऊक नाहीं. जें मला निश्चित ठाऊक आहे आणि त्याला शोधूनही सहसा सांपडणार नाहीं, तेवढेंच माझें देणें. शिवाय प्रामाणिकपणा हा नेहमींच फायद्याचा असतो, असें जें मुलांना शिकविण्यांत येतें तें खरें नाहीं. ज्या प्रसंगीं तो फायद्याचा असतो त्या प्रसंगीं त्याला सद्गुण म्हणण्याचें कारण नाहीं. तो शहाणपणा होय.

रविवारीं तो तरुण आला. मीं त्याला गाडींत बसवून पट्टा शेवटपर्यंत ओढावयास सांगितला आणि ती रेघ कशाची तें सांगितलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, अजून कांहीं?” हा प्रश्न त्यानें पहिल्या दिवशीं विचारला नव्हता. जोराच्या पावसांत हॉर्न कधींकधीं वाजत नाहीं, तेंही मीं सांगितलें. दोन दिवसांनीं तो आपला मिस्त्री घेऊन आला. त्यानें पायाखालचें मॅट उचलून पत्रा टोंचून पाहिला. एके ठिकाणीं स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. सौदा पस्तीस हजारांस ठरला. ते पंधरा हजार गेल्याचें मला कांहींच वाटलें नाहीं असें लिहिलें, तर गाडीबाबत टाळलेली लबाडी मी ह्या लेखांत करीन. त्या वर्षीं घराच्या गळक्या छपराचें काम पुढें ढकलावें लागलें, आणि पत्नीनें त्याविषयीं एक शब्दही काढला नाहीं, हें मला अधिक लागलें.

विमेवाल्यांच्या नियमांत सुट्या भागांच्या घसाऱ्याचें आणखी एक कोष्टक असतें. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी ह्यांची अर्धी किंमत वजा होते; धातूचे भाग वयाप्रमाणें उतरत जाऊन दहा वर्षांनंतर निम्म्यावर येतात; आणि कांचेला घसारा मुळींच धरीत नाहींत. ह्याचें व्यवहारांतलें कारण कांहींही असो, मला तें कोष्टक पटलें. कांच झिजत नाहीं. ती अखंड असते किंवा फुटलेली असते. ज्या वयांत गाडीची किंमत केवळ दोघांच्या बोलण्यावर ठरते, त्या वयांत त्या बोलण्याचेंही असेंच आहे.

गाडी अद्याप धांवते आहे. नंतरच्या पावसाळ्यांत त्या तरुणाचा एकदां फोन आला होता. मिरजेच्या वाटेवर हॉर्न वाजेनासा झाला होता. “तुम्ही सांगितलं होतंत,” असें म्हणून तो हंसला, आणि जोड कोठें आहे तें विचारून घेतलें.